एफ बारावरची पिशवी

माझ्या नातीला सगळे मुंगी म्हणतात. नऊ वर्षांची आहे आणि सापडेल ते साठवून ठेवते. बटणं, पेन्सिलींची टोकं, गुळगुळीत दगड. पण तिच्या साठ्यात सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात सिनेमाची तिकिटं असतात. तीन वर्षांत आम्ही दोघींनी थिएटरात त्रेचाळीस सिनेमे पाहिले, त्यांची शहाऐंशी तिकिटं.

आमची जागा ठरलेली होती. एफ ओळीत अकरावर मी, बारावर ती. तिकीटखिडकीतली बाई आम्हाला बघून विचारायचीसुद्धा नाही, तिकिटं फाडून पुढे सरकवायची. रविवार दुपारचा सव्वातीनचा खेळ.

मध्यंतर झालं की आम्ही बाहेरच्या बाकावर बसायचो आणि आपापल्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन गोष्टी लिहायचो. सिनेमात आता पुढे काय होणार? लिहून घडी घालायची, डब्यात टाकायची आणि सिनेमा सुटल्यावर थिएटरच्या पायऱ्यांवर बसून उघडायची. याला आम्ही 'मधला पेपर' म्हणायचो. जिची जास्त उत्तरं बरोबर, तिने पुढचा सिनेमा निवडायचा. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलाला उत्तर सांगून टाकलं तर ते संध्याकाळपर्यंत विसरतं, पण त्याला अंदाज बांधायला लावला की ते उत्तराची वाट बघत बसतं. आमचा खेळ त्यातूनच आलेला.

पहिल्याच वर्षी मुंगीने माझ्या तिकिटात डोकावून माझा अंदाज जसाच्या तसा उतरवला होता, माझ्या चुकीसकट. चुकीमुळेच पकडली गेली. नक्कल करणाऱ्यासाठी माझा वर्गातला नियम एकच असे. ओरडा नाही, छडी नाही. काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं, का केलं तेही सांगायचं, मग नवा पेपर. मुंगीने पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं, "मी तुझं बघून लिहिलं. कारण मला तुझ्याइतकं यायला पाहिजे होतं." मग मी तिला नवा पेपर दिला. समोरच्या चपलांच्या दुकानातून आता कोण बाहेर येईल, ते ओळख. तिने लिहिलं, 'रडणारं बाळ'. आणि खरोखरच रडणारं बाळ बाहेर आलं. त्या दिवशी तिने घरी जाऊन सगळ्यांना ते चारचारदा सांगितलं.

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी सून म्हणाली, "आई, ऐकलंत का? आमच्या आईने घरात थिएटर केलंय."

"घरात काय केलंय?"

"मागची खोली नाही का, कापडाचे तागे ठेवायची ती? रिकामी केली. भिंतभर पडदा, वर छताला प्रोजेक्टर. खिडक्यांना दुहेरी काळे पडदे लावलेत, स्वतः शिवून. दिवसा बारा वाजता आपला हात आपल्याला दिसत नाही!"

"छान," मी म्हणाले. "त्यांचा हात आहेच शिवणावर."

सुनेच्या आईचं, म्हणजे आमच्या विहीणबाईंचं, पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवण्याचं दुकान होतं. अर्ध्या गावाच्या खिडक्या त्यांनी झाकल्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान शागिर्दिणीकडे सोपवलं, पण शिलाई मशीन घरी आणलं. मुंगी त्यांना मशीनची आजी म्हणते आणि मला शाळेची आजी. तोवर या दोन नावांमध्ये मला काही कमीजास्त वाटलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मुंगी तिथे गेली. मीच म्हटलं, जा, बघून ये. परत आली ती दारातूनच बोलत.

"आजी, तिथे शू लागली की सिनेमा थांबतो!"

"आपण थिएटरात आधीच जाऊन येतो की."

"पण तिथे तो आपल्यासाठी थांबतो! आणि काही कळलं नाही तर मशीनची आजी सिनेमा मागे नेते. आणि लोळून बघायचं. सात उश्या आहेत."

"लोळून बघितलं की झोप लागते."

"लागलीच. मग मी उठल्यावर आजीने परत तिथूनच लावला."

मी तोंडदेखलं हसले आणि भाजी चिरायला घेतली. नंतर बघितलं तर भाजी इतकी बारीक चिरली होती की सून म्हणाली, "आई, हे कोणासाठी? दात नसलेल्यांसाठी?"

पुढच्या रविवारी मुंगी तिकडेच गेली. त्याच्या पुढच्याही. असे दोन महिने गेले. डबा कपाटावर पडून राहिला. सव्वातीन वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे जाई. आता खिडकीतली बाई आमच्या जागा दुसऱ्या कोणाला देत असेल, असं मनात येई. बोलताना मात्र मी शहाणपणा पाजळत होते. चार अनोळखी माणसांबरोबर हसण्यात जी मजा आहे ती घरात नाही, मुलांना गप्प बसायची सवय लागते, वगैरे. मुलगा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, तुझ्या पोटात दुखतंय, आणि तू औषध डोक्याला चोळतेयस."

खरं होतं ते. पोटातच दुखत होतं. सात उश्यांपैकी एक न् एक उशी मला खुपत होती, आणि मी तर त्या अजून पाहिल्याही नव्हत्या.

मग विहीणबाईंचा फोन आला.

"काय विहीणबाई, रविवारी या की तुम्हीही. मुंगी आहेच. तो फुगेवालीचा सिनेमा लावतेय."

"मी कशाला? मला बाई रांगेत उभं राहून तिकीट काढायची सवय."

"मग इथेही राहा उभ्या हवं तर. दारात. पाच मिनिटांनी आत घेईन."

"आणि सिनेमा मध्येच थांबवणार नसाल तरच येईन."

"थांबवणार हो. माझे गुडघे थिएटरवाल्यांना कळत नाहीत, मला कळतात."

मी येते म्हणाले. फोन ठेवला आणि लगेच वर्तमानपत्र उघडलं. फुगेवालीचा सिनेमा घरी बघायला मिळू लागला होता, पण आमच्या थिएटरात अजून चालू होता. सव्वातीनचा खेळ, रोज.

गुरुवारी दुपारी मुंगी शाळेत असताना मी तो पाहून आले.

नुसता बघायलाच जातेय, असं मी मनाला सांगितलं. मन मला ओळखून होतं, त्याने वाद घातला नाही. एफ अकरावर बसले. बारा रिकामी होती, तिथे माझी कापडी पिशवी ठेवली. त्या सिनेमात एका फुगेवालीचा सगळ्यात मोठा फुगा तिच्या कुत्र्याला टोपलीत घेऊन उडून जातो आणि ती त्याला शोधत शहरभर फिरते. लोक हसत होते, मी हसले नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं गाईड वाचतात ना, तशी मी तो सिनेमा वाचत होते. कुत्रा कुठे सापडला, पहारेकरी कसा निघाला, निळ्या फुग्याचं शेवटी काय झालं. परत येताना रस्ताभर घोकत आले.

रविवारी मी चांगली साडेतीन वाजता विहीणबाईंच्या दारात उभी होते.

खोली खरोखर देखणी होती. ते मान्य करायला मला जड गेलं, पण मला शिवण कळतं. काळ्या पडद्यांना आतून जाड अस्तर होतं, खाली कडेला वजनासाठी शिशाच्या गोळ्या शिवल्या होत्या, एका फटीतूनही उजेड येत नव्हता. उश्यांच्या खोळी उरलेल्या तुकड्यांच्या, पण प्रत्येकीची किनार वेगळी. भिंतीजवळ विहीणबाईंची उंच खुर्ची होती, कारण खाली बसल्या तर त्यांना उठवायला दोन माणसं लागतात. मुंगी त्यांच्या पायाशी लोळली होती, डोकं त्यांच्या पायावर टेकून. थिएटरात खुर्चीच्या दांड्याआडून तिचं कोपर तेवढं माझ्या कोपराला लागायचं. डोकं कधी टेकलं नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. विहीणबाईंनी तो पहिल्या अर्ध्या तासात तीनदा थांबवला. एकदा पाणी आणायला, एकदा दारावरची घंटा वाजली म्हणून, आणि एकदा, "थांबा, या बाईच्या खिडकीला पडदा कसला लावलाय बघा! उलटी बाजू बाहेर!" म्हणून. मुंगी खो खो हसली. मी हसले नाही.

फुगा उडून गेला आणि फुगेवाली पुलावर एकटी उभी राहिली. मला ठाऊक होतं, मध्यंतर इथेच होतं.

"आमच्याकडे इथे मध्यंतर होतं," मी म्हणाले.

मुंगी ताडकन उठून बसली. "मधला पेपर! मशीनची आजी, थांबव थांबव! आपण तिघी लिहू."

"हे काय आता नवीन?" विहीणबाई म्हणाल्या, पण त्यांनी दिवा लावला. मुंगीने समजावून सांगितलं. मापं लिहायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या खुर्चीजवळ होताच. एक चिठ्ठी त्यांनी मुंगीला दिली, एक स्वतःला घेतली आणि तिसरी माझ्यापुढे धरली. पण तोवर मी पर्सचा पुढचा कप्पा उघडून, हाताला लागलं त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवातही केली होती. त्रेचाळीस वेळा तेच केलेलं. हाताला वेगळं काही सुचलंच नाही आणि डोक्याला घोकलेलं सांडायची घाई होती.

सिनेमा संपला. मुंगीने घड्या उघडल्या. पहिली विहीणबाईंची.

"'एक, कुत्रा मरेल. दोन, सगळे रडतील. तीन, बाई दुसरा कुत्रा आणेल.' आजी! शून्य!"

"मला वाटलं रडका आहे. तोंड तसंच होतं तिचं."

मुंगीचं स्वतःचं एक बरोबर होतं. मग माझी घडी. "'एक, कुत्रा घड्याळाच्या मनोऱ्यावर सापडेल. दोन, पहारेकरी चोर नाही, त्यानेच कुत्र्याला जेवू घातलं. तीन, फुगेवाली निळा फुगा स्वतः सोडून देईल.'" मुंगी उभीच राहिली. "आजी! तीनपैकी तीन! तीनपैकी तीन कधीच नव्हते कोणाला!"

"काय हो विहीणबाई," विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही बाई होतात शाळेत का ज्योतिषी?"

"अनुभव," मी म्हणाले. तो शब्द अजून माझ्या कानात आहे.

मुंगीचे डोळे चकाकत होते आणि ते माझ्याकडे वळले होते, उश्यांकडे नाही, पडद्याकडे नाही. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. आणि मग तिने तिकीट उलटं केलं. तिला सवय आहे ती. डब्यात टाकण्यापूर्वी ती प्रत्येक तिकिटावरचा क्रमांक वाचते.

वाचलं. परत वाचलं.

"आजी, यावर फुगेवालीचं नाव आहे."

मी जवळच्या उशीची किनार सारखी करू लागले.

"गुरुवार. सव्वातीन. एफ अकरा." तिने मान वर केली. "गुरुवारी सव्वातीनला मी शाळेत होते."

विहीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि प्रोजेक्टर बंद केला. खोलीत त्याच्या पंख्याची घरघर तेवढी होती, तीही थांबली. मला वाटलं, आता मुंगी म्हणेल, तू फसवलंस. ते ऐकायची मी तयारी केली. पण तिने विचारलं ते वेगळंच.

"एफ बारावर कोण होतं?"

"कोणी नव्हतं गं."

"मग काय होतं?"

"माझी पिशवी."

"माझ्या जागेवर पिशवी?"

आठवडेच्या आठवडे ती तिकडे लोळत होती, तिला माझी आठवण नाही, असं धरून मी जळत बसले होते. आणि इथे ती एका कापडी पिशवीवर जळत होती.

"नियम," ती म्हणाली. आवाज बारीक, पण माझाच. "उभी राहा. काय केलंस ते सांग. का केलंस ते सांग."

मी उभी राहिले. एकतीस वर्षांत कितीतरी मुलांना मी असं उभं केलं. पाय किती जड होतात ते मला त्या दिवशी कळलं, तेही विहीणबाईंच्या सात उश्यांच्या मधोमध.

"मी सिनेमा आधी बघून आले आणि अंदाज म्हणून लिहिला," मी म्हणाले. "कारण मला हेवा वाटला. या खोलीचा. तू इथे येतेस त्याचा. मला वाटलं, इथे येऊन जिंकले की तू परत माझ्याबरोबर येशील."

बोलताना मी पडद्याच्या शिवणीकडे बघत होते. विहीणबाई आता एखादा टोला हाणणार, याची खात्री होती. त्यांनी हाणलाही.

"एवढंच? कौतुक नका सांगू. तुमचा हेवा दोन महिन्यांचा, माझा तीन वर्षांचा आहे."

"तुमचा?"

"तो डबा आणून दाखवला होता तिने मला. एकेक तिकीट काढून सांगत होती, इथे शाळेची आजी हसली, इथे शाळेची आजी घाबरली. शहाऐंशी तिकिटं ऐकली मी. त्यातलं माझ्याबरोबरचं एकही नव्हतं, कारण तुमच्या त्या एफ ओळीला बावीस पायऱ्या आहेत. ती घरी गेली आणि मी काळं कापड बेतायला घेतलं." त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "हौस म्हणून कोणी दुहेरी अस्तर लावतं का हो?"

खरं सांगते, तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की यातसुद्धा बाई माझ्या पुढे गेली.

मुंगीला आमच्या बोलण्याशी घेणं नव्हतं. तिने ते तिकीट माझ्या हातात ठेवलं. "हे डब्यात जाणार नाही," ती म्हणाली. "आता नवा पेपर. पुढच्या रविवारी. थिएटरात. कोणीच न बघितलेला सिनेमा. आणि तिघी."

"अगं, माझे गुडघे..." विहीणबाई म्हणाल्या.

"ए ओळीला पायऱ्या नाहीत. दारातून सरळ आत."

"ए ओळ?" आता मी म्हणाले. "पडद्याच्या नाकाखाली? मान मोडेल! एफ अकरावरून कसं..."

मुंगीने माझ्याकडे बघितलं. मी शिक्षा झालेली विद्यार्थिनी होते.

पुढच्या रविवारी खिडकीतल्या बाईने आम्हाला बघून सवयीने एफची तिकिटं काढली, मला ती परत करावी लागली. ए तीन, ए चार, ए पाच. विहीणबाई काठी टेकत आत आल्या आणि उभ्या राहून आधी थिएटरच्या पडद्यांच्या चुण्या निरखू लागल्या. "ढिल्या पडल्यात. कोणी शिवलेत?" मागच्या माणसाने बसा म्हटल्यावर बसल्या. मुंगी मध्ये. माझ्या पलीकडची ए सहा रिकामी होती, तिथे मी पिशवी ठेवली. मुंगी काही न बोलता माझ्यावरून वाकली, पिशवी उचलली आणि स्वतःच्या पायाखाली ठेवून दिली. वर एक पायही ठेवला.

सिनेमा सुरू झाला. दहा मिनिटांत विहीणबाई मोठ्याने म्हणाल्या, "जरा थांबवा की, तो काय म्हणाला?" चार ओळी हसल्या. मुंगीने तोंडावर बोट ठेवलं. मग पडद्यावर अचानक पूल कोसळला, त्या आवाजाने विहीणबाई दचकल्या, आणि मुंगीने त्यांचा हात धरला. मला अंधारात तेवढं नीट दिसलं. माझा हात दांड्यावर होता, तो तिथेच राहिला.

मध्यंतरात बाकावर तिघींनी लिहिलं. विहीणबाईंनी हाताच्या आडोशाने लिहिलं, मी डोकावेन म्हणून. सिनेमा सुटल्यावर त्यांना पायऱ्यांवर बसता येईना, म्हणून आम्ही त्यांच्याभोवती उभ्या राहिलो आणि मुंगीने पेपर वाचले. मुंगीला दोन. विहीणबाईंनाही दोन, पहिल्याच खऱ्या पेपरात. मला एक.

"पुन्हा पेपराला बसा हो बाई," विहीणबाई म्हणाल्या.

"बसेन की. पुढच्या रविवारी बसेन."

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"कुठेही. तुमच्याकडेसुद्धा."

मुंगीने डबा उघडून पुढे केला. स्वतःचं तिकीट टाकलं, माझं टाकलं, आणि विहीणबाईंकडे डबा धरला. विहीणबाईंनी तिकिटाची घडी केली, ती आणखी लहान केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली.

"हे नाही देणार. पहिलं आहे माझं."

डब्यात सगळ्यांची तिकिटं जातात, असा आमचा नियम. मला वाटलं मुंगी हटून बसेल. तिने पर्सची चेन नीट लागलीय का ते बघितलं आणि म्हणाली, "बरं. पण हरवू नकोस हं." आणि काठीच्या बाजूने त्यांना आधार देत चालू लागली.

डबा आणि पिशवी घेऊन मी मागे निघाले. डब्यात आता माझी चव्वेचाळीस तिकिटं होती. आणि घरापर्यंत मला हेवा वाटत राहिला तो त्या पर्समधल्या एका तिकिटाचा.